धमनी उघडायची, पण केव्हा?

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी जितक्या लवकर होईल तितके चांगले, ही समजूत आता शहरांप्रमाणे खेड्यांतही रुजली आहे आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. तरीही एकाच अतिदक्षता विभागातील दोन रुग्णांपैकी एकाला दाखल होताच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याच्या खास कक्षात, नेले जाते आणि दुसऱ्याला दुसऱ्या दिवसाची वेळ दिली जाते, तेव्हा दुसऱ्याच्या नातेवाइकांना तो हलगर्जीपणा वाटतो. बहुतेक वेळा या फरकामागे वैद्यकीय कारण असते. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी पूर्ण बंद पडली आहे की तिच्यातून थोडाफार रक्तप्रवाह चालू आहे, ती बंद पडून किती वेळ झाला आहे आणि त्या रुग्णाला पुढील काही तासांत किती धोका आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर उपचाराची वेळ ठरते. ही उत्तरे कशी मिळाली आणि त्यांतून आजचे नियम कसे घडले, हे समजून घेतले तर रुग्णालयातील निर्णयांचा अर्थ लागतो, आणि रुग्णाच्या घरच्यांच्या हातात नेमके काय आहे तेही स्पष्ट होते.

अडथळा कसा तयार होतो

महाधमनीपासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या हृदयधमन्या आणि त्यांच्या शाखा हृदयाच्या स्नायूला प्राणवायू पुरवतात. या धमन्यांच्या आतील भिंतीत वर्षानुवर्षे कोलेस्टेरॉल साचून थर तयार होतात. अशा एखाद्या थराचे आवरण अचानक फाटले किंवा झिजले, की त्या जागी रक्तातील प्लेटलेट या सूक्ष्म पेशी चिकटतात आणि पाहता पाहता रक्ताची गुठळी धरते. या घटनेतून उद्‌भवणाऱ्या सर्व विकारांना मिळून ‘अ‍ॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम’ असे म्हणतात. गुठळीने धमनी पूर्ण बंद केली, तर तिच्या पलीकडील स्नायू उपाशी राहून मरू लागतो आणि हृदयाच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईसीजीमध्ये, ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला दिसतो. या प्रकाराला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. गुठळीने धमनी अंशतः अडवली असेल, किंवा ती अधूनमधून बंद होत व उघडत असेल, तर ईसीजीत असा बदल सहसा दिसत नाही. मात्र मृत स्नायुपेशींतून बाहेर पडणारे ‘ट्रोपोनिन’ हे प्रथिन रक्तात वाढलेले आढळते, हा ‘एनस्टेमी’. ट्रोपोनिनही वाढलेले नसेल, परंतु विश्रांतीच्या वेळीही छातीत कळा येत असतील किंवा त्या वाढत चालल्या असतील, तर त्या अवस्थेला अस्थिर अंजायना म्हणतात.

गुठळी हे झटक्याचे कारण आहे की झटक्यानंतर होणारा परिणाम, यावर १९७०च्या दशकापर्यंत तज्ज्ञांत मतभेद होते. अमेरिकेतील मार्कस डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्याच्या पहिल्या काही तासांतच रुग्णांच्या हृदयधमन्यांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी, केली आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांची धमनी पूर्ण बंद होती, तर बारा ते चोवीस तासांदरम्यान तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आले होते. म्हणजे गुठळी आधीच असते आणि काहींच्या बाबतीत शरीर ती कालांतराने स्वतःच विरघळवते. याच गटाने १९८६ साली ईसीजीत तसे बदल नसलेल्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्याच धमन्या पूर्ण बंद आढळल्या. दोन प्रकारांना दोन वेगळी वेळापत्रके का लागतात, याचे मूळ या निरीक्षणांत आहे.

पूर्ण बंद धमनी : मिनिटांचा हिशेब

धमनी बंद पडल्यावर तिच्या क्षेत्रातील स्नायू एकदम मरत नाही, हे रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले. धमनी चाळीस मिनिटे बंद ठेवून पुन्हा मोकळी केली, तर धोक्यातील क्षेत्रापैकी सुमारे ३८ टक्के स्नायू मृत झालेला आढळला. तीन तासांनी हे प्रमाण ५७ टक्क्यांवर, सहा तासांनी ७१ टक्क्यांवर गेले, आणि धमनी कायमची बंद ठेवलेल्या प्राण्यांत ते ८५ टक्क्यांच्या आसपास होते. स्नायूचा नाश हृदयाच्या आतील थरापासून सुरू होऊन बाहेरच्या थराकडे सरकत जातो, आणि त्याचा वेग आरंभीच्या काळात सर्वांत जास्त असतो. माणसात आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून मिळणाऱ्या पर्यायी रक्तपुरवठ्यामुळे हे आकडे व्यक्तीगणिक बदलतात, परंतु क्रम तोच राहतो. त्यामुळे पहिल्या दोन तासांतील अर्धा तास आणि दहाव्या तासानंतरचा अर्धा तास यांचे मोल सारखे नसते.

माणसांत याचा पुरावा इटलीतील ‘जिस्सी’ या चाचणीने १९८६ साली दिला. सुमारे पावणेबारा हजार रुग्णांपैकी निम्म्यांना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध देण्यात आले, आणि एकवीस दिवसांतील मृत्युप्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. त्याहून बोलका होता तो वेळेनुसार मांडलेला हिशेब, कारण पहिल्या तासाभरात औषध मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले, तर सहा तासांनंतर औषध मिळालेल्यांना या चाचणीत लाभ दिसला नाही. दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत साधी अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू ८ टक्के होते, तर दोन्हींपैकी काहीही न मिळालेल्यांत ते १३.२ टक्के होते.

दरम्यान धमनी यंत्राने उघडण्याची कलाही प्रगत होत होती. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिच येथे एका रुग्णाच्या हृदयधमनीत बारीक नळीच्या टोकावरील फुगा फुगवून अरुंद जागा रुंद केली. हीच माणसावरील पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी होय. पुढे झटका चालू असतानाच थेट अशी अँजिओप्लास्टी करण्याची पद्धत आली. तिला ‘प्रायमरी अँजिओप्लास्टी’ म्हणतात आणि आज तिच्यासोबत बहुधा स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवली जाते. औषधाने गुठळी विरघळवणे आणि प्रायमरी अँजिओप्लास्टी यांची तुलना करणाऱ्या तेवीस चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अल्पकाळातील मृत्युप्रमाण अँजिओप्लास्टी झालेल्यांत ७ टक्के आणि औषध मिळालेल्यांत ९ टक्के आढळले. पक्षाघाताचे प्रमाणही अँजिओप्लास्टीत कमी होते, कारण गुठळी विरघळवणाऱ्या औषधांमुळे थोड्या रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होतो.

अँजिओप्लास्टीचे हे श्रेष्ठत्व मात्र ती वेळेत होण्यावर अवलंबून आहे. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत प्रायमरी अँजिओप्लास्टी होणे शक्य असेल तर ती करावी, आणि रुग्ण थेट कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात आला असेल तर साठ मिनिटांचे लक्ष्य ठेवावे. लक्षणे सुरू होऊन बारा तास झाले नसतील आणि १२० मिनिटांत कॅथलॅब गाठणे अशक्य असेल, तर मोठ्या शहराच्या वाटेला लागण्याआधी, निदानानंतर दहा मिनिटांतच, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे. अर्थात अलीकडे झालेली मोठी शस्त्रक्रिया, पूर्वीचा मेंदूतील रक्तस्राव किंवा अन्य रक्तस्रावाचा धोका नाही याची खात्री करूनच.

इंजेक्शन घेतले म्हणजे उपचार संपला असेही नाही. ‘स्ट्रीम’ या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटका येऊन तीन तास उलटले नव्हते, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नव्हती, अशा सुमारे एकोणीसशे रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन देऊन सहा ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करण्यात आली आणि दुसऱ्या गटाची थेट अँजिओप्लास्टी झाली. मृत्यू, शॉक, हृदय निकामी होणे व पुन्हा झटका येणे या सर्व घटना मिळून पाहता दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांची धमनी त्याने पुरेशी उघडली नाही आणि त्यांना तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावे लागले. म्हणूनच इंजेक्शन दिलेल्या प्रत्येक रुग्णाला लगेच कॅथलॅब असलेल्या रुग्णालयाकडे हलवावे, साठ ते नव्वद मिनिटांनी ईसीजी पुन्हा पाहावा, धमनी उघडली नसल्याची चिन्हे असतील तर तत्काळ आणि उघडली असेल तर दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करावी, अशी पद्धत रूढ झाली. औषध आणि अँजिओप्लास्टी यांचा हा मेळ लांबच्या गावांतील रुग्णांसाठी पूर्णपणे शास्त्रसंमत मार्ग आहे.

अंशतः बंद धमनी : घाई किती करावी

एनस्टेमीच्या रुग्णांबाबत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. धमनीतून रक्त काही प्रमाणात वाहत असल्याने स्नायू मिनिटामिनिटाला मरत नसतो, आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा या प्रकारात लाभ होत नाही, म्हणून ती दिली जात नाहीत. पूर्वी एक विचारप्रवाह असा होता, की ताज्या व ठिसूळ गुठळीत लगेच फुगा फुगवला तर तिचे कण पुढे जाऊन बारीक वाहिन्या बंद करतील, तेव्हा अ‍ॅस्पिरिन, हेपॅरिन आणि प्लेटलेटना आवर घालणारी औषधे काही दिवस देऊन जागा ‘थंड’ होऊ द्यावी. जर्मनीत झालेल्या ‘आयसार-कूल’ या चाचणीत हा विचार पारखला गेला. ४१० रुग्णांपैकी काहींची अँजिओग्राफी सरासरी अडीच तासांत तर इतरांची सुमारे साडेतीन दिवसांनी करण्यात आली, तेव्हा महिन्याभरातील मृत्यू किंवा मोठा झटका यांचे प्रमाण लवकर उपचार झालेल्यांत ५.९ टक्के आणि थांबलेल्यांत ११.६ टक्के आढळले. हा फरक मुख्यतः थांबण्याच्या काळात घडलेल्या घटनांमुळे पडला होता, त्यामुळे जागा थंड होऊ देण्याची कल्पना मागे पडली.

याचा अर्थ प्रत्येकालाच मध्यरात्री कॅथलॅबमध्ये न्यावे असा होतो का, हे तपासण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायमॅक्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३०३१ रुग्ण होते. चोवीस तासांच्या आत आणि छत्तीस तासांनंतर अँजिओग्राफी झालेल्यांत सहा महिन्यांनी मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे ९.६ व ११.३ टक्के भरले, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. परंतु ज्यांची जोखीम आधीच जास्त होती अशा रुग्णांत तेच आकडे १३.९ आणि २१ टक्के असे निघाले. डेन्मार्कमधील ‘व्हर्डिक्ट’ चाचणीनेही २०१८ साली सुमारे तेच दाखवले : साधारण पाच तासांत आणि अडीच दिवसांनी अँजिओग्राफी झालेल्या दोन गटांत एकूण फरक नगण्य होता, पण जास्त जोखमीच्या रुग्णांना लवकर उपचाराचा फायदा झाल्याचे संकेत होते.

ही जोखीम मोजण्यासाठी ‘ग्रेस’ नावाची गुणपद्धत वापरली जाते. वय, नाडीचे ठोके, रक्तदाब, मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारे क्रिएटिनिन, हृदयाच्या दुर्बलतेची चिन्हे, दाखल होताना हृदय बंद पडले होते का, ईसीजीतील बदल आणि ट्रोपोनिन या आठ गोष्टींना गुण देऊन बेरीज केली जाते, आणि ती १४० पेक्षा जास्त आली तर रुग्ण जास्त जोखमीचा ठरतो. अशा रुग्णांची, तसेच एनस्टेमीचे निदान पक्के झालेल्यांची, अँजिओग्राफी चोवीस तासांत करण्याचा विचार व्हावा, असे युरोपीय सूचना सांगतात. २०२०च्या सूचनांमध्ये ही शिफारस ठाम होती. उपलब्ध पुरावा पाहून २०२३ साली तिची धार थोडी कमी करण्यात आली. कमी जोखमीच्या रुग्णांची तपासणी रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी झाली तरी चालते.

एनस्टेमीच्या रुग्णांतील एका लहान वर्गाला मात्र थांबवून चालत नाही. औषधे देऊनही छातीतील वेदना न थांबणे किंवा पुनःपुन्हा उद्‌भवणे, रक्तदाब कोसळणे, फुप्फुसांत पाणी साचून दम लागणे, हृदयाची लय जीवघेणी बिघडणे, यांपैकी काहीही आढळले तर ईसीजी काहीही सांगत असला तरी दोन तासांच्या आत अँजिओग्राफी करावी लागते. याचे एक कारण ईसीजीच्या मर्यादेत आहे. हृदयाच्या मागील बाजूस रक्त पुरवणारी धमनी पूर्ण बंद पडली, तरी नेहमीच्या बारा नोंदींच्या आलेखात एसटी भाग उचललेला न दिसण्याची शक्यता असते. म्हणून पहिला ईसीजी साधा आला तरी वेदना चालू असल्यास तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि पाठीवरही पट्ट्या लावून नोंद घेतात.

वयाचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या १५१८ एनस्टेमी रुग्णांवर झालेल्या ‘सीनियर-रीटा’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. औषधांसोबत अँजिओग्राफीचा मार्ग स्वीकारलेल्यांत नंतरचे झटके काहीसे कमी झाले, परंतु हृदयविकाराने होणारा मृत्यू किंवा झटका यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, म्हणजे २५.६ आणि २६.३ टक्के राहिले. अतिवृद्ध, मूत्रपिंड दुबळे असलेल्या किंवा रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी केवळ औषधांचा सल्ला दिला, तर त्यामागे असा पुरावा असतो.

फार उशीर झाल्यावर

वेळेच्या प्रश्नाला आणखी एक टोक आहे. झटका येऊन काही दिवस उलटले, वेदना थांबल्या, रुग्ण स्थिर आहे आणि तपासणीत धमनी पूर्ण बंद आढळली, तर ती उघडावी का? २००६ सालच्या ‘ओट’ चाचणीत झटक्यानंतर तीन ते अठ्ठावीस दिवसांनी अशा २१६६ रुग्णांचा अभ्यास झाला, आणि मृत्यू, पुन्हा झटका किंवा हृदय निकामी होणे यांचे प्रमाण अँजिओप्लास्टी झालेल्यांत १७.२ टक्के तर केवळ औषधे घेतलेल्यांत १५.६ टक्के भरले. मेलेला स्नायू रक्तपुरवठा सुरू केल्याने जिवंत होत नाही. ‘बंद नस आहे म्हणजे स्टेंट हवाच’ हा आग्रह अशा वेळी चुकीचा ठरतो.

भारतातील अडचण कोठे आहे

भारतातील ८९ केंद्रांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ या नोंदणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय ५७ वर्षांच्या आसपास होते आणि सुमारे ६० टक्के रुग्ण पूर्ण बंद धमनीच्या, म्हणजे सर्वांत घाईच्या प्रकारातील होते. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ सहा तासांचा होता, तर रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत पन्नास मिनिटे लागत होती. म्हणजे गमावलेल्या वेळेचा फार मोठा भाग रुग्णालयाच्या दाराबाहेर जात होता. गरीब रुग्णांना आवश्यक उपचार कमी मिळत होते आणि त्यांचे मृत्युप्रमाणही जास्त होते, हीही नोंद त्यात आहे.

यावरचा उपाय तमिळनाडूत करून पाहण्यात आला. कॅथलॅब असलेले मोठे रुग्णालय मध्यवर्ती ठेवून आजूबाजूची लहान रुग्णालये त्याला जोडायची, ईसीजी दूरसंचाराने तज्ज्ञांकडे पाठवायचा, जेथे रुग्ण आला तेथेच इंजेक्शन द्यायचे आणि मग त्याला मध्यवर्ती रुग्णालयात हलवायचे, अशी ही रचना होती. तिच्या आधीच्या व नंतरच्या २४२० रुग्णांची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि वर्षभरातील मृत्युप्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. गोव्यातही बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय मध्यवर्ती ठेवून अशी जोडणी करण्यात आली आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. परंतु कॅथलॅब मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत एकवटलेल्या असल्याने गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम तालुक्यातील रुग्णाला १२० मिनिटांची अट पाळणे कठीण असते. अशा ठिकाणी ईसीजी वाचण्याची सोय आणि इंजेक्शन यांचाच आधार मोठा आहे.

सामान्य वाचकाने यातून घ्यायचा बोध सरळ आहे. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे पसरणे, दरदरून घाम सुटणे, एकाएकी दम लागणे, आणि विशेषतः मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागातील जळजळ किंवा विलक्षण थकवा, ही लक्षणे गॅस झाला असेल असे म्हणून घरी सोसू नयेत. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. तेथे इंजेक्शन सुचवले गेले, तर मोठ्या शहरात जाऊनच काय ते करू असा हट्ट धरू नये. धमनी पूर्ण बंद आहे की अंशतः, आणि अँजिओग्राफी केव्हा व का त्याच वेळी, हे दोन प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावेत. कॅथलॅबमध्ये केव्हा न्यायचे हे डॉक्टर ठरवतील. पहिल्या कळेपासून पहिल्या ईसीजीपर्यंतचा वेळ मात्र घरच्यांनाच वाचवता येतो, आणि भारतात सर्वाधिक वेळ तेथेच वाया जातो.